नऊ नंबरची चिठ्ठी

३ जानेवारी

चि. बॉबिनला आत्याचे आशीर्वाद.

तू आता पस्तिशीची बाई झालीस, तरी मी तुला बॉबिनच म्हणणार. लहानपणी मशीनमधल्या बॉबिनसारखी घरभर गरगरायचीस, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सोबत मापांच्या चौदा चिठ्ठ्या आहेत, मोजून घे. आपली नाटकमंडळी सात मार्चला तुझ्या शहरात उतरतील, नेमाप्रमाणे रिकाम्या हातांनी. देवाणघेवाण समितीच्या नव्या सचिवांनी परवा मला विचारलं, "कपडे इथूनच शिवून का नाही पाठवत? सोपं पडेल." म्हटलं, साहेब, सोपं पडेल, पण मग तुमच्या देवाणघेवाणीत उरलं काय? भाषणं? पाहुण्यांनी माप पाठवायचं आणि यजमानांनी कपडे शिवायचे, हा नेम आहे म्हणून तर तीस वर्षं दोन्ही शहरांना एकमेकांची आठवण ठेवावी लागते. अंगाला लागलेला कपडा माणूस विसरत नाही. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. आता पुढच्या भाषणात येईल बघ.

गेल्या महिन्यात तिसऱ्याच शहरातला एक कठपुतळीवाला आपल्याकडे बारा दिवस होता, तुझ्या खोलीत. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला नाही. रोज संध्याकाळी चहा घेऊन समोरासमोर बसायचो. तो त्याच्या बाहुल्या रंगवायचा, मी बटणं लावायचे. जाताना स्वयंपाकघरातलं डुगडुगणारं स्टूल नीट करून गेला. तो गेल्यावर दोन दिवस घर खायला उठलं. मग आपलं आपण बसलं.

पाहुणा ठेवायचा तर एक फॉर्म भरावा लागतो, तुला माहीत आहेच. त्यात 'घरात माणसे किती' असा रकाना असतो. मी 'एक' लिहिते, आणि सचिव, जुने असोत की नवे, दर वेळी मोठ्यांदा विचारतात, "एक?" जसं काही मी कुणाला माळ्यावर लपवून ठेवलंय.

मंडळींबरोबर तंत्रज्ञाची एक जागा असते. तू म्हणशील, आत्या, या वेळी तरी ये. या वेळी ती दिवेवाल्याला दिली. माझे गुडघे आता विमानाच्या पायऱ्यांचे राहिले नाहीत.

चिठ्ठ्या यंदा आपल्या कपडेपटातल्या इस्त्रीवाल्या ताईंनी लिहिल्यात. नऊ नंबर म्हणजे राजमाता, अर्थात आपल्या बाईसाहेब. सगळ्यांत ज्येष्ठ नटी आणि सगळ्यांत ज्येष्ठ नखरा. जपून शिव.

तुझी आत्या

२२ जानेवारी

प्रिय आत्या, नमस्कार.

थैली कालच मिळाली. चौदाच्या चौदा चिठ्ठ्या आहेत.

गुडघ्यांचं कारण मागच्या दौऱ्यालाही होतं. त्याआधीच्या दौऱ्याला कान होते. सात वर्षांत तुझा एकेक अवयव मला नकार कळवतोय. मीही आले नाही हे खरं आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

आमचा कपडेपट तळघरात आहे, हे तुला माहीत आहे. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर नुसते पाय दिसतात. या शहरातली माणसं मला घोट्यापर्यंतच माहीत आहेत असं म्हटलं तरी चालेल. माप घेताना मी अजून मराठीतच मोजते. शेजारच्या टेबलावर कॉलर शिवणारा जो आहे, त्याला आता 'साडेअठ्ठावीस' म्हणता येतं. आठवडाभरात माझ्या कानावर पडलेलं तेवढंच मराठी. रविवारी तुला फोन करते तर तू "हं, हं, सगळं छान" म्हणतेस आणि ठेवतेस. तुला फोनमध्ये कुणी चावतं का गं? पत्रात एवढी बोलतेस आणि फोनवर मुकी.

एक बातमी. आमच्या प्रमुख बाई मेअखेर निवृत्त होतायत. त्यांच्या खुर्चीवर मी किंवा कॉलरवाला. मे संपेपर्यंत जो एकही खाडा न करता टिकेल, त्याला ती मिळणार असं दिसतंय.

आता कामाचं. नऊ नंबरच्या चिठ्ठीबद्दल शंका आहे. बाईसाहेबांची छाती मागच्या वेळी चाळीस होती, कंबर छत्तीस. या वेळी पस्तीस आणि एकोणतीस लिहिलंय. डावा खांदा अर्धा इंच खाली, तो मात्र नेहमीसारखाच. बाईसाहेब एवढ्या सुकल्या, की ताईंचा हात चुकला? लवकर कळव. तोवर कापडाला कात्री लावत नाही.

इथे फार थंडी आहे. तुझा जुना कामाचा कोट घालून बसते. त्याच्या खिशात अजून तुझ्या खडूचा तुकडा आहे.

तुझी बॉबिन

१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उत्तर नाही. तीन रविवार फोन वाजून वाजून बंद झाला. शेवटी कपडेपटात केला. ताईंनी उचलला आणि म्हणाल्या, "बाई पाहुण्यांच्या गडबडीत आहेत." या महिन्यात कुठले पाहुणे? विचारलं तर म्हणाल्या, इस्त्री तापलीये, जळेल. आणि ठेवला. तुझ्या हाताखाली आलेलं माणूस फोन ठेवायला लगेच शिकतं वाटतं.

रागावलीस का माझ्यावर? खुर्चीची बातमी कळवली म्हणून? ती मिळाली तर मी इथलीच झाले, असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटतं. आणि ते वाटून आनंद होत नाही, हे कुणाला सांगू?

नऊ नंबर आता थांबवता येत नाही. तूच शिकवलंस, शंका आली तर विचारायचं आणि उत्तर आलं नाही तर चिठ्ठी खरी मानायची. आज कापड कापलं. जांभळं, जरीच्या काठाचं. शिवणीत दोन इंच माया ठेवली आहे, लागलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, तुझ्या नेमाप्रमाणे.

बॉबिन

१९ फेब्रुवारी

चि. बॉबिन,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम हातात आली. वेडाबाई, रागवेन कशाला? कामात होते.

नऊ नंबर चुकलाय. ताईंच्या हातून दुसऱ्याच कुणाचं माप त्या चिठ्ठीवर पडलं. ते रद्द समज आणि मागच्या दौऱ्याचं माप धर, छाती चाळीस, कंबर छत्तीस. कापलं असशील तर दुसरं काप. लाज माझी जाईल, तुझी नाही.

अक्षर वाकडं दिसेल. मनगट मुरगळलंय, बाकी काही नाही. खुर्ची मिळव. मी खुश आहे.

आत्या

१० मार्च

आत्या,

तुझं १९ फेब्रुवारीचं पत्र काल आलं. राजमातेच्या झग्याचा घोळ परवाच होऊन गेला होता.

मंडळी सातला उतरली. आठला कपडे चढवून बघायचे म्हणून सगळे आमच्या तळघरात. तेरा जणांचे पोशाख बसले. बाईसाहेबांचा झगा खांद्यांच्या खाली उतरेना. त्या आत अडकून ओरडायला लागल्या, "मी काय बाहुली आहे? हे कुणाचं बोचकं माझ्या अंगावर घालतेस?" त्यांना सोडवलं आणि दार लावून घेतलं. म्हटलं, आज मी तुमचं माप घेणार. त्या कुणाला टेप लावू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण दुसऱ्या दिवशी खेळ होता, त्यांनी हात वर केले.

छाती एक्केचाळीस. कंबर मी तुला सांगणार नाही, तसं वचन दिलंय. पण खांदे, आत्या. दोन्ही खांदे फळीसारखे सरळ. डावा तसूभरही खाली नाही. दर दौऱ्याला त्या कुरकुरायच्या, डावीकडे ओढतं म्हणून, आणि मला वाटायचं नखरा आहे.

मी तो झगा उचलून खुंटीला लावला. त्याच खुंटीवर तुझा कोट होता. झगा कोटावर बसला आणि दोघांचा डावा खांदा एका रेषेत खाली आला. चाळीस वर्षं कापडाचे गठ्ठे वाहून तुझा खांदा उतरलाय, तो. सात हिवाळे तो कोट घालतेय मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खांदा तोच होता आणि बाकीचा सगळा झगा कोटाच्या आत मावत होता.

बाईसाहेबांना विचारलं. म्हणाल्या, "अगं, माझं माप तुझी आत्याच देते, स्वतःच्या अंगावर घेऊन. आम्ही दोघी एका मापाच्या. वीस वर्षं असंच चाललंय." आणि मग एकदम पाठ फिरवून त्या आपले दागिने आवरायला लागल्या. मी बाहेर आले तर दिवेवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती जागा मी मागितली नव्हती." म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना शपथ घातलीस. फक्त मला नाही, कारण मला सांगितलंच नाहीस.

झगा दोन इंच उसवला, दोन्ही बाजूंना पडद्याच्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या आणि खेळ झाला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. इथल्या अध्यक्षांनी दोन शहरांमधल्या सेतूबद्दल भाषण केलं. मी पडद्यामागे हातात टेप धरून एकोणतीस हा आकडा बघत होते.

छत्तीसची एकोणतीस कशी झाली? मनगट मुरगळून कंबर बारीक होत नाही. मला खरं सांग. खूप राग आलाय आणि खूप भीती वाटतेय.

बॉबिन

२८ मार्च

बॉबिन,

पकडलंस. तुला शिकवलं कशाला, असं झालं.

पोटात गाठ होती. तीस जानेवारीला काढली. दहा दिवस रुग्णालयात होते, आता दर तीन आठवड्यांनी औषध चढवतात. ते चढलं की चार दिवस मी माणसात नसते, पाचव्या दिवशी कपडेपटात जाऊन ताईंवर ओरडते. डॉक्टर म्हणतात, बघू. मी माझ्या गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं हेच सांगत आले, त्यामुळे 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं.

चूक कशी झाली ते सांगते, कारण ती मला गाठीपेक्षा जास्त लागली आहे. मापं घ्यायचा दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तपासण्या होत्या. बाईसाहेब नेहमीप्रमाणे पळाल्या. मी सवयीने ताईंना म्हटलं, नऊ नंबर माझ्यावर घ्या, आणि हात वर करून उभी राहिले. ताई नव्या, त्यांना मागचे आकडे ठाऊक नाहीत. त्या मोठ्यांदा वाचत होत्या, मी खिडकीबाहेर बघत होते. पस्तीस, एकोणतीस, सगळं कानांवर पडलं आणि आत गेलंच नाही. आख्ख्या गावाची मापं तोंडपाठ असलेल्या बाईला स्वतःचं माप ऐकू आलं नाही. माझ्याआधी ते तू वाचलंस, तेही समुद्रापलीकडे.

तुला का सांगितलं नाही? सात वर्षांपूर्वी तू सहा आठवड्यांसाठी तिकडे गेलीस. पाचव्या आठवड्यात तिकडच्या प्रमुख बाईंचं मला पत्र आलं, मुलीचा हात चांगला आहे, ठेवून घेऊ का. मी हो लिहिलं. तुला फोन केला आणि म्हटलं, इथे तुझ्यासाठी जागा नाही, तिकडेच राहा. जागा होती. मी ती दोन वर्षं रिकामी ठेवली, तू माझं ऐकणार नाहीस आणि परत येशील या आशेने. तू ऐकलंस. आता तुझ्या खुर्चीच्या वेळी मी आजारपण कळवलं असतं, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने ओढून घेतल्यासारखं झालं असतं.

रुग्णालयात 'जवळचे माणूस' असा रकाना होता. पेन हातात धरून बराच वेळ बसले. शेवटी ताईंचा नंबर लिहिला. नर्सने विचारलं, कोण तुमच्या? म्हटलं, इस्त्री करतात. सचिव फुलं घेऊन आले होते. गुच्छाला चिठ्ठी तशीच होती, 'प्रमुख पाहुण्यांस सादर'. कुठल्याशा सत्कारातली उरलेली. एवढी हसले की टाके दुखले. मग ते गेले, आणि हसण्यात सोबत कुणी नव्हतं म्हणून रडले. फोनवर मी बोलत नाही ते याच्यासाठीच. तुझा आवाज ऐकला की माझा राहत नाही.

एकटं वाटतं गं. एवढं लिहिते आणि थांबते. येऊ नकोस. मे संपू दे, खुर्ची मिळव.

आत्या

१५ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र खिशात घालून तीन दिवस फिरले. जागा होती, हे वाक्य फार जड गेलं. मी इथे पहिली दोन वर्षं रोज रडले, तुला माहीत आहे? मला वाटायचं, आत्याला मी नकोशी झाले. तू तिकडे जागा राखत होतीस आणि मी इकडे दिवस ढकलत होते. दोघीही शहाण्या! भांडण मी समोर आल्यावर करणार आहे, पत्रात मजा येत नाही.

हो, समोर आल्यावर. उद्याच निघाले असते, पण हंगामाच्या मध्ये करार मोडला तर माझे दोन्हीकडचे कागद अडकवून ठेवतील. हंगाम मेअखेर संपतो. दोन जूनला इथली मंडळी तुमच्याकडे यायला निघतील, आता त्यांची पाळी. त्यांच्याबरोबर तंत्रज्ञाची एक जागा असते. ती मी मागितली. प्रमुख बाई म्हणाल्या, नव्या प्रमुखाला एक जूनपासून इथे बसावं लागेल, दौरा करता येणार नाही. म्हटलं, मग खुर्ची कॉलरवाल्याला द्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला हसत म्हटलं, साडेअठ्ठावीस.

इथल्या कार्यालयानेही फॉर्म दिला. जाण्याची तारीख भरली. परतीच्या तारखेचा रकाना कोरा ठेवला. लिपिकाने विचारलं, राहिलंय का? म्हटलं, राहिलंय.

सोबत राजमातेचा झगा पाठवते आहे. पडद्याच्या पट्ट्या काढून तो पुन्हा चिठ्ठीबरहुकूम केला आहे, पस्तीस, एकोणतीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. ज्या मापाचा आहे, त्या माणसाला मिळू दे. तुझ्यासाठी आजवर कुणी काही शिवलं होतं का गं? मला आठवत नाही.

नेमाप्रमाणे तुला माझी चिठ्ठी पाठवायला हवी. पाठवत नाही. तू घे माप, मी हात वर करून उभी राहीन.

तुझी बॉबिन

६ मे

चि. बॉबिन,

झगा मिळाला. आज औषधानंतरचा पाचवा दिवस, म्हणून घालून बघितला आणि तशीच स्वयंपाकघरात कठपुतळीवाल्याच्या स्टुलावर चहा पीत बसले. ताई आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "राजमाता, दूध आणलंय." शिवण उलटसुलट करून बघितली. खांदा बिनचूक. काखेत एक टाका तिरका आहे, तो आल्यावर दाखवते. नाही, माझ्यासाठी कधी कुणी काही शिवलं नव्हतं. मीच ती वेळ कुणावर येऊ दिली नाही.

कंबरेत झगा अर्धा इंच सैल होतो. तुझी चूक नाही, माप जानेवारीतलं आहे. इतर वेळी म्हटलं असतं, सावकाश ये. आता म्हणते, लवकर ये.

तुझी खोली झाडून ठेवली. कठपुतळीवाला विसरून गेलेली एक बाहुली कपाटामागे सापडली, तिचा एक हात तुटलाय. दोघी मिळून लावू.

काल जूनच्या पाहुण्यांचा फॉर्म भरायला कार्यालयात गेले होते. सचिवांनी चष्मा लावून नेहमीप्रमाणे वाचला. 'घरात माणसे किती' पाशी थांबले. म्हणाले, "दोन? बाई, या रकान्यात पाहुणा धरायचा नसतो."

म्हटलं, माहीत आहे. पाहुणा धरलेला नाही.

तुझी आत्या